विद्यापीठाची जागा महापालिकेला देताना: आधी कागद, मग ताबा

शहर वाढतं तसा महापालिकेचा डोळा विद्यापीठाच्या कंपाउंडकडे वळतो. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. शहराच्या विकास योजनेतल्या (डीपी) रस्त्याची रुंदी पूर्ण करायची असते, पाण्याची टाकी उंचवट्यावर हवी असते, मैलापाण्याचं पंपिंग स्टेशन नाल्याकाठी हवं असतं. पंचवीस खातेदारांच्या दारात जाण्यापेक्षा एका कुलसचिवांना पत्र लिहिणं सोपं पडतं. मग मंत्र्यांच्या दालनात बैठक होते, इतिवृत्तात 'विद्यापीठाने आगाऊ ताबा द्यावा, मोबदल्याबाबत स्वतंत्रपणे कार्यवाही करावी' असं वाक्य येतं आणि थोड्याच दिवसांत जेसीबी भिंतीला लागतो. रस्ता होतो. ती 'स्वतंत्र कार्यवाही' मात्र राहून जाते. सातबारा विद्यापीठाच्याच नावावर राहतो, टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळत नाही आणि लेखापरीक्षणात दर वर्षी तोच आक्षेप निघतो.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठाची जमीन किंवा इमारत महापालिकेकडे रीतसर कशी द्यायची, ते इथे क्रमाने सांगतो. व्यवस्थापन परिषदेचे सदस्य, इस्टेट विभागातली मंडळी आणि पालिकेच्या मालमत्ता किंवा भूसंपादन विभागातले अधिकारी या सगळ्यांना हाच क्रम लागू पडतो. तो उलटा केला की प्रकरण अडकतं.

कोणतं विद्यापीठ, कोणता कायदा

पुण्याचं गणेशखिंड घ्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. त्याच परिसरातली गणेशखिंड बाग मात्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. त्या विद्यापीठाचा कायदा १९८३ चा, विभाग कृषी. शिवाय ही बाग जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झालेली आहे, त्यामुळे तिथे वेगळीच बंधनं येतात. एकाच रस्त्यासाठी या दोघांकडून जमिनीची पट्टी हवी असेल तर मंत्रालयात दोन वेगळ्या विभागांत दोन वेगळ्या फायली चालतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कायदा १९९८ चा. तेव्हा पहिल्या पत्राआधी कायदा ठरवा.

पुढचं सगळं २०१६ च्या कायद्याखालच्या विद्यापीठांबद्दल आहे. त्यातलं कलम ८ आधी वाचा. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठ ज्या गोष्टी करू शकत नाही त्यांची यादी तिथे आहे, आणि स्थावर मालमत्ता विक्रीने किंवा भाडेपट्ट्याने देणं ही त्यातली एक गोष्ट. शब्द 'पूर्वमान्यता' आहे. मागाहून मिळवलेली कार्योत्तर मान्यता म्हणजे पूर्वमान्यता नव्हे, आणि एखाद्या अधिसभा (सिनेट) सदस्याने याचिका केली तर नेमकं याच शब्दावर बोट ठेवलं जाईल. 'आपण विक्री म्हणत नाही, बक्षीसपत्र करू' किंवा 'फक्त वापर परवाना देऊ, तोही कायमचा' अशा वाटा सुचवणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

जमीन मुळात कोणाची

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'विद्यापीठाची जमीन' असं आपण सहज म्हणतो, पण ती विद्यापीठाकडे कशी आली यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान. १८६० च्या दशकात तिचं बांधकाम सुरू झालं. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झालं आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारने सुमारे ४११ एकर जागा दिली. म्हणजे ही शासनाने दिलेली जमीन. दुसरीकडे काही विद्यापीठांची जमीन भूसंपादनातून आलेली असते, काही तुकडे दानपत्राने, काही गावच्या गायरानातून. एकाच कॅम्पसमध्ये चारही प्रकार सापडतात.

त्यामुळे मागितलेल्या पट्ट्यातल्या प्रत्येक सर्व्हे नंबरचं मूळ शोधा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका हा नुसता शेवटचा कागद. तिथून फेरफार नंबर धरून मागे जा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जमीन शाखेतून प्रदानाचा, म्हणजे शासनाने जमीन दिल्याचा, मूळ आदेश मिळवा. तो विद्यापीठाच्या कपाटात बहुधा नसतो. असलाच तर अटींचं पान गायब असतं.

आदेश हाती आला की तीन गोष्टी पाहा. धारणाधिकार कोणता, भोगवटादार वर्ग १ (मोकळेपणी हस्तांतरित करता येणारी जमीन) की वर्ग २ (परवानगीशिवाय हस्तांतरित न करता येणारी)? जमीन कोणत्या प्रयोजनासाठी दिली? प्रयोजन बदललं किंवा हस्तांतरण केलं तर जमीन शासनजमा होईल अशी अट आहे का? वर्ग २ किंवा अटीची जमीन असेल तर उच्च व तंत्रशिक्षण विभागाची मान्यता पुरत नाही, महसूल विभागही लागतो. अशा वेळी बरेचदा सरळ मार्ग असा असतो की विद्यापीठाने तेवढं क्षेत्र शासनाला परत द्यावं आणि जिल्हाधिकाऱ्यांनी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता व १९७१ च्या सरकारी जमीन विल्हेवाट नियमांखाली ते महापालिकेला द्यावं. यात विद्यापीठाला मोबदला मिळेलच असं नाही. व्यवस्थापन परिषदेला हे आधी सांगा. नाहीतर ठराव 'बाजारभावाने' होतो आणि वर्षभराने कळतं की विकायला आपलं काही नव्हतंच.

जमीन २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली संपादित झाली असेल तर कलम ९९ आणि १०० डोळ्यांखालून घाला. प्रयोजन आणि मालकी बदलण्यावर तिथे बंधन आहे.

मोजणी आणि आकडे

पालिकेच्या नकाशावरची लाल रेघ ही मोजणी नाही. भूमी अभिलेख विभागाकडे दोन्ही संस्थांनी मिळून संयुक्त मोजणीचा अर्ज करा आणि 'क' प्रत (मोजणीचा प्रमाणित नकाशा) हातात येईपर्यंत कोणत्याही कागदावर क्षेत्र लिहू नका.

एक उदाहरण. समजा रुंदीकरणासाठी ६०० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद पट्टी हवी आहे. ती झाली ५,४०० चौरस मीटर, म्हणजे ५४ आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर). सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. बोलताना मात्र सगळे गुंठे म्हणतात, आणि कोणीतरी टिप्पणीत '५४ गुंठे' लिहितो. ५४ गुंठे म्हणजे सुमारे ५,४६३ चौरस मीटर. ६३ चौरस मीटरचा फरक पडतो. पुढे शासन निर्णयात गुंठे, दस्तात चौरस मीटर आणि मोजणीत आर असं झालं की फेरफार नामंजूर होतो आणि शुद्धिपत्रकासाठी फाईल पुन्हा मंत्रालयात जाते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत चौरस मीटर हे एकच माप ठेवा.

मोजणी चालू असतानाच पट्टीवर काय काय आहे त्याची यादी करा: झाडं, विहीर, वॉचमनची खोली, पाण्याची मुख्य लाइन, विजेच्या भूमिगत केबल, इंटरनेटची फायबर लाइन. विद्यापीठाची पाणीपुरवठ्याची लाइन भिंतीला लागूनच गेलेली असणं अगदी नेहमीचं. ती हलवायचा खर्च कोणाचा हे आत्ता ठरलं नाही तर पुढे विद्यापीठाचा होतो. झाडं तोडायची असतील तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल. अर्ज पालिकेने करायचा, विद्यापीठाने नाही.

आणखी एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. विद्यापीठाचे आजवरचे बांधकाम नकाशे पूर्ण भूखंड धरून मंजूर झालेले असतात. पट्टी गेली की भूखंडाचं क्षेत्र घटतं, एफएसआयचा (भूखंडावर किती बांधकाम करता येतं त्या प्रमाणाचा) हिशेब बदलतो आणि रस्त्यालगतच्या इमारतींचं सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्द यांमधली मोकळी जागा, कमी पडू शकतं. सुधारित लेआउट पालिकेने स्वतः, शुल्क न घेता मंजूर करून द्यावा ही अट घाला.

इमारतही जाणार असेल तर

मोकळ्या जागेपेक्षा इमारत अवघड. ती कोणाच्या पैशातून उभी राहिली हे आधी बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या किंवा केंद्राच्या योजनेतून बांधलेली असेल तर सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे अनुदान देणाऱ्याच्या मंजुरीशिवाय ती मालमत्ता निकाली काढता येत नाही. तेव्हा राज्य शासनाबरोबर तिकडचंही ना-हरकत पत्र लागेल.

देणगीतून बांधलेली असेल तर देणगीपत्र शोधा. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्यांच्या आईचं नाव त्याला मिळालं हे सर्वांना माहीत आहे. तेवढा प्रसिद्ध नसला तरी गावोगावच्या सभागृहांवर, वसतिगृहांवर आणि ग्रंथालयांवर देणगीदाराच्या नावाची पाटी असते, आणि पाटीमागे कधीकधी 'शैक्षणिक कारणासाठीच वापर' अशी अट असते. ती अट इमारतीबरोबर पालिकेकडे जाते.

मग संरचनात्मक तपासणी, सार्वजनिक बांधकाम विभागाकडून मूल्यांकन, वारसा यादीत नाव आहे का याची खात्री, आणि आत कोण बसलं आहे त्याची यादी. बँकेची शाखा, टपाल कार्यालय, कँटीन चालवणारा, निवृत्तीनंतरही क्वार्टर न सोडलेला कर्मचारी. या प्रत्येकाचा करार किंवा कराराचा अभाव नोंदवा. 'बोजाविरहित' असं दस्तात लिहून प्रत्यक्षात भाडेकरूसह इमारत दिली तर वाद विद्यापीठाच्याच गळ्यात पडतो.

कोणत्या मार्गाने द्यायचं

मंजूर विकास योजनेत रस्ता किंवा आरक्षण दाखवलेलं असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२६ हा राजमार्ग. त्यात पालिकेला तीन पर्याय आहेत: सहमतीने रक्कम देऊन घेणं, एफएसआय किंवा टीडीआर देऊन घेणं, नाहीतर शासनाकडे भूसंपादनाचा अर्ज करणं. पालिकेला टीडीआर देणं सोयीचं वाटतं, कारण तिजोरीतून पैसा जात नाही. विद्यापीठाने मात्र आधी विचारावं की हा टीडीआर आपण वापरणार कुठे? मोकळी जागा भरपूर असलेल्या विद्यापीठाचा मंजूर एफएसआयच पुरता वापरून झालेला नसतो. म्हणजे टीडीआर बाजारात विकावा लागेल, आणि तो विकायलाही मान्यता, निविदा आणि दराचा प्रश्न येतो. माझं मत विचाराल तर बांधकामाच्या रूपात मोबदला घेणं विद्यापीठाला सर्वांत फायद्याचं: नवी संरक्षक भिंत, नवं प्रवेशद्वार, वळवलेल्या लाइन. फक्त ते नकाशा, अंदाजपत्रक आणि मुदतीसह करारात यायला हवं. नुसतं 'पालिका भिंत बांधून देईल' असं लिहिलं की मिळते ती पत्र्याची शीट.

विकास योजनेत काहीच दाखवलेलं नसेल तर आधी याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली योजनेत फेरबदल करावा लागेल, किंवा पालिकेने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७७ प्रमाणे करारानेच जागा घ्यावी. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, तिथे हे कलम लावू नका.

टाकी, पंपिंग स्टेशन, जलवाहिनी अशा कामांना मालकी देण्याची गरज नसतेच. मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा पुरतो. टाकी पाडली किंवा बंद पडली तर जागा परत, असं त्यात लिहिता येतं. मालकी एकदा गेली की पुढे त्या जागेवर व्यापारी गाळे निघाले तरी विद्यापीठाला बोलायला तोंड उरत नाही. पालिकेचे अभियंते 'मालकी नसेल तर निधी मिळत नाही' म्हणतील. कोणत्या योजनेच्या कोणत्या अटीनुसार, ते लेखी मागा.

ठराव

प्रस्ताव विद्यापीठाच्या इमारत व बांधकाम समितीपुढे, वित्त व लेखा समितीपुढे आणि मग व्यवस्थापन परिषदेपुढे न्या. घाई असली की कुलगुरूंनी २०१६ च्या कायद्यातल्या कलम १२(७) च्या तातडीच्या अधिकारात निर्णय घ्यावा असं सुचवलं जातं. परीक्षा पुढे ढकलायला तो अधिकार ठीक आहे. जमीन कायमची देणं हे त्यात बसवू नका.

ठरावात संदिग्धता नको. साधारण असा मजकूर चालेल:

'मौजे … येथील सर्व्हे नं. … पैकी, सोबतच्या मोजणी नकाशात अ-ब-क-ड-अ या अक्षरांनी दर्शविलेले ५,४०० चौ.मी. क्षेत्र, मंजूर विकास योजनेतील … मी. रुंद रस्त्यासाठी … महानगरपालिकेस हस्तांतरित करण्यास, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८ अन्वये शासनाची पूर्वमान्यता मिळण्याच्या अधीन राहून, परिशिष्टातील अटींवर मान्यता देण्यात येत आहे. शासनाची मान्यता प्राप्त होऊन दस्त नोंदणीकृत होईपर्यंत जागेचा ताबा देण्यात येऊ नये.'

शेवटचं वाक्य गाळायचा दबाव येईल. ते गाळू नका. फारच निकड असेल तर पर्याय असा की शासनाची मान्यता मिळाल्यावर, दस्ताआधी, फक्त ठरावीक कामासाठी ठरावीक मुदतीची काम करण्याची परवानगी द्यावी, आणि 'यामुळे ताबा किंवा हक्क हस्तांतरित होत नाही' असं तीत लिहावं.

पालिकेच्या बाजूने आयुक्तांचा प्रस्ताव स्थायी समितीत आणि गरजेप्रमाणे सर्वसाधारण सभेत जातो. पुण्यात तिला मुख्य सभा म्हणतात. निवडून आलेली सभा नसेल तर प्रशासक तिचे अधिकार वापरतो, पण त्याचाही लेखी ठराव असतो आणि त्याची प्रमाणित प्रत मागून घ्यायची. दोन्ही ठरावांतला सर्व्हे नंबर, क्षेत्र, प्रयोजन आणि मोबदला शेजारी शेजारी ठेवून वाचा. एक अंक जरी वेगळा असला तर तिथेच थांबा.

मंत्रालय

प्रस्ताव उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे जातो. तिथून जमिनीच्या प्रकाराप्रमाणे महसूल, नगरविकास, वित्त आणि विधी व न्याय या विभागांचे अभिप्राय मागवले जातात. फाईल रेंगाळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एकेक त्रुटी काढत प्रस्ताव परत येणं. म्हणून मूळ प्रदान आदेश, सर्व फेरफार, चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका, 'क' प्रत, विकास योजनेचा भाग नकाशा, झोन दाखला, दोन्ही ठराव, वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे मूल्यांकन, न्यायप्रविष्ट प्रकरणांचं विवरण, आणि जागा दिल्यावर विद्यापीठाच्या भविष्यातल्या गरजा भागतील का याची टिप्पणी हे सगळं एकदमच द्या. शेवटची टिप्पणी बहुतेक जण दोन ओळींत उरकतात. मंजूर बृहत् आराखड्यात या जागेवर काय होतं हे तिथे स्पष्ट लिहा.

शासन निर्णय आला की आनंदाने फाईल बंद करू नका. अटींचा परिच्छेद वाचा. 'तत्त्वतः मान्यता' असेल तर ती अंतिम मान्यता नव्हे.

दस्त आणि मुद्रांक

विद्यापीठ ही कायद्याने निर्माण केलेली स्वतंत्र संस्था आहे, शासन नव्हे. महापालिकाही शासन नव्हे. त्यामुळे शासनाने केलेल्या प्रदानांना नोंदणीतून आणि मुद्रांकातून जी मोकळीक मिळते ती इथे आपोआप मिळेल असं धरून चालू नका. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३१ खाली अभिनिर्णयाला दस्ताचा मसुदा पाठवा आणि किती शुल्क लागतं ते लेखी घ्या. माफी हवी असेल तर ती शासनाच्या आदेशाने मिळते, दुय्यम निबंधकांच्या समजुतीने नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो. त्यानंतर दंड भरून आणखी चार महिने मिळतात, त्यापुढे काही नाही.

विद्यापीठाकडून कुलसचिव सही करतात. त्यांना अधिकार देणारा ठराव दस्ताला जोडा. करारात या अटी असू द्या: प्रयोजन नावानिशी, काम सुरू करण्याची व पूर्ण करण्याची मुदत, मुदत टळल्यास जागा परत, पालिकेने ती तिसऱ्याला न देणं, लाइन वळवण्याचा खर्च, भिंतीचा नकाशा, आणि वाद झाल्यास कोण निर्णय देणार.

ताबा आणि त्यानंतर

ताब्याच्या दिवशी भूमी अभिलेखचा भूकरमापक, दोन्ही संस्थांचे अभियंते आणि पंच जागेवर हवेत. हद्दीच्या खुणा पक्क्या करून त्यांची छायाचित्रं काढा. ताबा पावतीत चतुःसीमा, क्षेत्र, जागेवरच्या वस्तूंची यादी, वीज आणि पाण्याच्या मीटरचं वाचन लिहा. जुनी भिंत पाडण्याआधी नव्या हद्दीवर निदान तात्पुरतं कुंपण उभं राहिलेलं असावं. वसतिगृहाच्या मागची भिंत महिनाभर उघडी राहिली की काय होतं ते सुरक्षा विभागाला विचारा.

नोंदणीकृत दस्तावरून फेरफाराची नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. नगर भूमापन झालेल्या भागात हेच काम मिळकत पत्रिकेवर होतं. पोटहिस्सा पाडून कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नोंद प्रमाणित झाल्यावर दोन उतारे काढा, एक पालिकेच्या नावाचा आणि एक विद्यापीठाच्या उरलेल्या क्षेत्राचा. दोन्हींची बेरीज जुन्या क्षेत्राइतकी आली पाहिजे. ती आली की विद्यापीठाच्या मालमत्ता नोंदवहीतून तेवढं क्षेत्र वजा करा, मोबदल्याची रक्कम किंवा टीडीआरचं विकास हक्क प्रमाणपत्र लेख्यात घ्या, आणि मूळ प्रदान आदेशापासून नव्या उताऱ्यापर्यंतचा संच स्कॅन करून इस्टेट विभाग, वित्त विभाग आणि कुलसचिव कार्यालय अशा तिन्ही ठिकाणी ठेवा.